कंपनी बुडाली, गाडी उरली

तुमच्या फोनवर ती मीम कधी ना कधी येऊन गेली असणार. पाच चौकटी, एकाखाली एक. पांढऱ्या झुबकेदार मिशांचा, पिळदार दंडांचा बाप आणि समोर त्याचा तरणाताठा मुलगा. दोघं तारस्वरात भांडताहेत, एका चौकटीत खुर्ची उडते आहे. २०१८ साली लोकांनी या बापलेकाच्या तोंडी काय वाट्टेल ते घातलं. तत्त्वज्ञानातले वाद, व्याकरणातले वाद, स्वयंपाकातले वाद. मूळ भांडण अगदी घरगुती होतं: मुलगा कामावर वेळेत येत नाही, एवढंच. ते टीव्हीवर दिसलं २००९ मध्ये, आणि ज्या मालिकेत दिसलं तिचं नाव 'अमेरिकन चॉपर'. तेव्हा न्यूयॉर्क राज्यात असलेला 'ऑरेंज काउंटी चॉपर्स' हा कारखाना आणि तो चालवणारं ट्यूटल कुटुंब, यांची ही मालिका. २००३ पासून डिस्कव्हरी वाहिनीनं ती वर्षानुवर्षं चालवली.

मी तिचे भरपूर भाग पाहिले आहेत. वीण ठरलेली. गिऱ्हाईक येतं, एखादी कल्पना पक्की होते (अग्निशमन दलाच्या बंबासारखी गाडी, कोळ्याच्या जाळ्याची गाडी), मुदत डोक्यावर येते, बापलेक भांडतात, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, आणि शेवटी गर्दीसमोर गाडीवरचं कापड बाजूला होतं. टाळ्या. समाप्त. पुढच्या आठवड्यात नवी गाडी. या गाड्यांचं सहा महिन्यांनी काय झालं, कुठला बोल्ट थरथरून पडला, टाकी कुठे गळायला लागली, ते कुणी दुरुस्त केलं, असा एखादा भाग असायला हवा होता. मला तरी तो कधी सापडला नाही.

चॉपरभोवती गेल्या पन्नास-साठ वर्षांत सिनेमा, टीव्ही आणि पुस्तकांचं एक बऱ्यापैकी मोठं विश्व उभं राहिलं आहे. त्या विश्वाचा जीव दोनच माणसांवर जडलेला दिसतो: गाडी बांधणारा आणि गाडी चालवणारा. गाडी चालू ठेवणारा जो तिसरा माणूस असतो, त्याला फार तर एखादं दृश्य मिळतं. पण जिची कंपनीच आता अस्तित्वात नाही, अशी चॉपर घ्या. बांधणारा संपलेला आहे. चालवणारा रस्त्याच्या कडेला उभा आहे. आता गोष्ट पुढे न्यायची तर तिसऱ्या माणसावाचून इलाज नाही. म्हणून मला वाटतं, बंद पडलेल्या कंपनीची चॉपर सांभाळणं हा या सगळ्या चॉपर-साहित्यावरचा सर्वांत चोख अभिप्राय आहे.

आधी चॉपर म्हणजे काय, ते थोडक्यात. चॉपर म्हणजे कापलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या पोरांनी आपल्या अवजड हार्लेंवरचं अनावश्यक लोखंड काढून टाकायला सुरुवात केली: पुढचं मडगार्ड गेलं, मागचं अर्धं कापलं. साठच्या दशकात करवत फ्रेमपर्यंत पोचली. हँडल ज्या नळीत फिरतं ती मान कापून, तिरकी करून पुन्हा जोडायची आणि लांबच लांब फोर्क बसवायचे. या तिरकेपणाला रेक म्हणतात. साध्या हार्ले क्रूझरमध्ये तो तीसेक अंश असतो, चॉपरमध्ये चाळीसच्या आसपास किंवा त्याहून जास्त.

दिसायला सुंदर, पण याची किंमत असते. सुपरमार्केटमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. त्याचा जमिनीला टेकणारा भाग हा चाक ज्या खिळ्याभोवती फिरतं त्याच्या मागे असतो, म्हणून ते आपोआप सरळ होतं. मोटरसायकललाही हेच अंतर असतं, त्याला ट्रेल म्हणतात. मान तिरकी केली की ट्रेल वाढतो. मग हायवेवर गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ जाते, पण पार्किंगमध्ये वळवताना हँडल एकदम एका बाजूला कोसळतं. आणि कुणी हिशोब चुकवून ट्रेल फार कमी करून ठेवला, तर वेगात पुढचं चाक थडथडायला लागतं. म्हणजे रेक ही नुसती ऐट नाही. कुणी तरी गणित केलेलं असतं किंवा केलेलं नसतं, आणि ते गाडी चालवणाऱ्याला अंगावर कळतं.

आता 'ईझी रायडर'. १९६९, दिग्दर्शक डेनिस हॉपर, निर्माता पीटर फोंडा, दोघंही पडद्यावर. चॉपर जगाच्या डोक्यात जाऊन बसली ती या सिनेमामुळे. फोंडाच्या गाडीच्या टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेला आहे आणि त्याच टाकीच्या पोटात अमली पदार्थ विकून आलेले पैसे प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळून ठेवलेले आहेत. देशाच्या झेंड्याखाली काळा पैसा ही प्रतिमा इतकी उघड आहे, की समीक्षकाला त्यावर काही म्हणायला संकोच वाटावा. मला जास्त आवडतो तो पुढचा तपशील. वाटेत पेट्रोल भरायची वेळ येते तेव्हा बरोबर घेतलेला एक अनोळखी वाटसरू सहज टाकीचं झाकण उघडतो आणि हॉपरचा जीव वरखाली होतो. पैसे आहेत ना आत! स्वातंत्र्याच्या या महाकाव्यात गाडीच्या एका सुट्या भागाबद्दल कुणाला मनापासून काळजी वाटते ती एवढीच, आणि तीही आतल्या मालासाठी.

दुसरं दृश्य याहून महत्त्वाचं. सुरुवातीलाच एक टायर पंक्चर होतो. दोघं एका शेतकऱ्याच्या वाड्यावर थांबतात. गोठ्यात एकीकडे शेतकरी घोड्याला नाल ठोकतो आहे, दुसरीकडे फोंडा चाक दुरुस्त करतो आहे. एकाच चौकटीत दोन कामं, दोन काळ. या दृश्याचं कौतुक 'जुना घोडा आणि नवा घोडा' असं होतं आणि ते योग्यच आहे. पण पूर्ण सिनेमात गाडीला हात लावून काम करणं जवळजवळ इथेच दिसतं, आणि ते संपताच सगळे जेवायला बसतात. जेवताना फोंडा त्या शेतकऱ्याला म्हणतो, की स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या हातानं जगता, हे थोर आहे. मग हात धुऊन निघून जातो. सांभाळण्याचं काम थोर आहे, पण ते दुसऱ्यानं करावं, अशी या सिनेमाची एकूण धारणा दिसते. शेवटी गाडी जळते. जळालेल्या गाडीला देखभाल लागत नाही, पटकथेच्या दृष्टीनं ही मोठीच सोय.

आणि या गाड्या बांधल्या कुणी? लॉस एंजेलिस पोलिसांच्या लिलावातून घेतलेल्या जुन्या हार्ले होत्या त्या. पोलिसांच्या गाड्या कापून बंडखोरांच्या गाड्या झाल्या, हे किती जणांना ठाऊक असतं? बांधण्यामागे दोन कृष्णवर्णीय माणसं होती. क्लिफ व्हॉस, जो नागरी हक्क चळवळीत छायाचित्रकार म्हणून काम केलेला होता, आणि बेन हार्डी, लॉस एंजेलिसमधला नावाजलेला मोटरसायकल कारागीर. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती. कित्येक दशकं ती कुठे फारशी घेतलीही गेली नाहीत. जगातली सर्वांत प्रसिद्ध चॉपर कुणाच्या हातची, हे जगाला चाळीसेक वर्षं विचारावंसं वाटलं नाही. 'बांधणारा' या पदाला चॉपरच्या जगात एवढा मान, पण बांधणारा काळा असला की तोही तिसऱ्या माणसाच्या रांगेत जाऊन बसतो. 'अमेरिकन चॉपर'मध्ये कारखान्याच्या मालकाचं आडनाव प्रत्येक मिनिटाला ऐकू येतं, ते ऐकताना मला ही रिकामी पाटी आठवते.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत नवी हार्ले घ्यायची तर लोक महिनोन् महिने थांबत होते. त्या थांबलेल्या गर्दीला बघून काही मंडळींनी ठरवलं, की चॉपर कारखान्यातच बनवून शोरूममध्ये विकावी. 'फॅक्टरी कस्टम' असं या प्रकाराचं नाव पडलं. नावातच भांडण आहे. खास तुमच्यासाठी, पण साच्यातली. फोर्ट वर्थ, टेक्सास इथे १९९५ मध्ये 'अमेरिकन आयर्नहॉर्स' सुरू झाली. विचिटा, कॅन्सस इथे १९९४ मध्ये कोलमन कंदिलांच्या घराण्यातल्या शेल्डन कोलमननं 'बिग डॉग' काढली. तिच्या गाड्यांची नावं मॅस्टिफ, पिटबुल, बुलडॉग, रिजबॅक अशी, म्हणजे कुत्र्यांची पूर्ण जत्राच. फिनिक्सला 'टायटन' होती, आपली घड्याळवाली नव्हे. पैसेवाले दंतवैद्य, बिल्डर, घर गहाण टाकून कर्ज काढणारे पगारदार, असे सगळे रांगेत होते. चांगल्या चारचाकीच्या किमतीत लोक या दुचाक्या घेत होते.

टायटन २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. २००८ मध्ये घरांचा बाजार कोसळला, त्याच वर्षी आयर्नहॉर्स बंद झाली. २०११ मध्ये बिग डॉगचा कारखाना थांबला. विचिटातच ते नाव पुढे लहान प्रमाणावर परत आलं, पण ती मोठी फॅक्टरी गेली ती गेलीच. हजारो गाड्या मात्र रस्त्यावर होत्या, गॅरेजांत होत्या, आणि आहेत. आता त्या वीस वर्षांच्या झाल्या आणि अर्ध्या किमतीच्याही खाली मिळतात. पहिला मालक चेक फाडणारा होता. आजचा मालक बहुतेक वेळा हातात पाना घेतलेला असतो.

समजा तुमच्याकडे अशी एक गाडी आली. २००५ सालची, आयर्नहॉर्सची 'टेक्सास चॉपर' म्हणा. कंपनीचा फोन लागत नाही, डीलरच्या जागी गाद्यांचं दुकान आहे. तुमची पहिली भीती इंजिनाची असणार. आणि इथेच पहिला धक्का बसतो, कारण इंजिनाची चिंता सर्वांत कमी. या कंपन्या स्वतः इंजिन क्वचितच बनवत. ती येत 'एस अँड एस सायकल' या कंपनीकडून. जॉर्ज स्मिथ आणि स्टॅन्ली स्टँकोस या दोघांनी १९५८ मध्ये काढलेली ही कंपनी आज विस्कॉन्सिनमधल्या व्हायोला नावाच्या खेड्याशी जोडलेली आहे आणि अजून चालू आहे. त्यांचं ११७ घनइंची इंजिन म्हणजे साधारण १९१७ सीसी, जुन्या बुलेट ३५० च्या साडेपाचपट. एवढं अवाढव्य धूड, पण आतली रचना हार्लेच्या १९८४ नंतरच्या 'इव्होल्यूशन' इंजिनाच्या घराण्यातली. त्यामुळे गॅस्केट, पुशरॉड, ऑइल सील, कार्ब्युरेटरचे जेट यांतलं जवळपास काहीही अडत नाही.

मग चाकाची बेअरिंग. कंपनीच्या पार्ट बुकात तिचा एक लांबलचक क्रमांक असतो आणि तो क्रमांक आता जगात कुणालाच काही सांगत नाही. पण बेअरिंग काढून फडक्यानं पुसली की तिच्या कडेवर तिचा स्वतःचा नंबर कोरलेला दिसतो. तो घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा, दुकानदार मागे न बघता काढून देतो. ऑइल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ब्रेकच्या कॅलिपरवर तो बनवणाऱ्याचा शिक्का असतो. पट्टा, क्लचच्या प्लेटी, सेल्फची मोटर, सगळं कुठून तरी आणलेलं. जुना मालक वही घेऊन बसतो आणि डावीकडे कंपनीचा मेलेला नंबर, उजवीकडे खरा जिवंत नंबर असं लिहीत जातो. अशा वह्या मालकांमध्ये हातोहात फिरतात. आम्ही साहित्यवाले ज्याला संहिता-समीक्षा म्हणतो, पाठभेद लावून मूळ स्रोत शोधणं, ते हेच. फक्त इथे हात काळे होतात.

अडतं कुठे? जी गोष्ट 'फक्त आमच्याकडेच' म्हणून विकली गेली तिथे.

उदाहरणार्थ रंग. या गाड्यांवर कँडी पेंट असायचा. खाली चांदीसारखा चकाकता थर, त्यावर पारदर्शक रंगाचे एकावर एक हात, वर लॅकर. छटा डब्यातल्या रंगावर अवलंबून नसते, पारदर्शक थर किती दिले आणि कुणी दिले त्यावर असते. टाकीवर एक चरा गेला तर तेवढाच भाग रंगवून जुळत नाही. रंगाचा कोड सापडला तरी त्या दिवशी त्या माणसाच्या हाताचा वेग कोडमध्ये नसतो. मग पूर्ण गाडी उतरवून रंगवायची, किंवा चरा मिरवायचा. तीच गत लांबट ओढलेल्या टाकीची. हे इंजिन ४५ अंशाचं व्ही-ट्विन, बऱ्याच चॉपरमध्ये रबराशिवाय थेट फ्रेमला आवळलेलं. ते इतकं थरथरतं, की टाकीच्या कानांपाशी, जिथे ती फ्रेमला धरलेली असते, तिथे वेल्डिंगला केसासारखी चीर जाते. नवी टाकी मिळत नाही. वेल्डिंगवाला म्हणतो आधी पेट्रोलचा अंश न् अंश काढून आण, आणि तो बरोबर म्हणतो, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. वेल्डिंग झालं, की त्या उष्णतेनं रंग जळलेला असतो. म्हणजे पुन्हा कँडी.

पण खरी डोकेदुखी असते एक डबी. त्या काळी काही कंपन्यांनी फ्यूज आणि रिले काढून त्याजागी सगळं वायरिंग एकाच इलेक्ट्रॉनिक डबीत नेलं. दिवे, इंडिकेटर, इग्निशन, सेल्फ, सगळं तिच्या हुकमावर. पाणी आणि थरथर लागू नये म्हणून आतला सर्किट बोर्ड राळेत बुडवून घट्ट केलेला. कल्पना वाईट नव्हती, गाडीवर एक वायर दिसत नसे. पण वीस वर्षांनी ती डबी गेली, की फ्यूज बदलून भागत नाही. राळ फोडली तर बोर्ड तुटतो. आत काय चाललं होतं त्याचा आराखडा कंपनीबरोबर गेला. तेव्हा मालक काय करतो? डबी काढून टाकतो. सीटखाली सहा-सात साधे फ्यूज, तीन-चार रिले, आणि टेस्टर घेऊन एकेक वायर शोधत बसतो: ही हॉर्नची, ही मागच्या ब्रेकची, ही कशाचीच नाही. दोन शनिवार-रविवार जातात. गाडी चालू होते. आता सीटखाली वायरींचा गुंता दिसतो आणि गाडी पूर्वीपेक्षा भरवशाची असते.

वेगळं म्हणून विकलेलं आधी मेलं आणि चारचौघांसारखं होतं ते जगलं, हा या गाड्यांचा निकाल आहे. जाहिरातीत एस अँड एसचं इंजिन मिरवायचे, पण बेअरिंग सामान्य आहे असं कुणी सांगत नसे. खरं तर त्या सामान्य बेअरिंगसाठी आज मालक कंपनीला दुवा देतो.

याबद्दल विचार करायला लागलं, की दोन पुस्तकं समोर येतातच. रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स', १९७४. पर्सिग काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेला, त्यामुळे आपल्याकडे त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी असते. या पुस्तकात मोटरसायकल कमी आणि तत्त्वज्ञान जास्त, ही तक्रार जुनी आहे, मला ती मान्य नाही. अडकलेल्या स्क्रूवरचं त्याचं विवेचन आजही तोडीस तोड सापडत नाही. झाकणाचा एक स्क्रू निघत नाही, त्याची खाच झिजून गेली. कामाच्या यादीत क्षुल्लक असलेला तो स्क्रू आता अख्ख्या गाडीच्या किमतीचा झाला, कारण तो निघेपर्यंत गाडी म्हणजे नुसतं लोखंड. बंद कंपनीच्या गाडीच्या मालकाला हे परिच्छेद पाठ असायला हरकत नाही.

तरी पर्सिगबद्दल माझी एक कुरकूर आहे. १९६८ च्या त्या प्रवासात त्याच्या बुडाखाली होंडा होती. होंडा धडधाकट होती, जगभर भाग मिळत होते. त्याचा मित्र जॉन बीएमडब्ल्यूवर. जॉनचं हँडल सैल होतं, पर्सिग म्हणतो बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पाचर मारू, आणि जॉनला ते आपल्या जर्मन गाडीचा अपमान वाटतो. पर्सिग या प्रसंगातून दोन प्रकारच्या मनांचा मोठा सिद्धान्त उभा करतो. पण जॉनकडे नाही म्हणण्याची चैन आहे, कारण बीएमडब्ल्यू जिवंत आहे. कंपनी मेली असती, तर पत्र्याच्या पाचरीवर दोघांचं दोन मिनिटांत एकमत झालं असतं. वृत्तीचा म्हणून त्यानं जो फरक मांडला, त्यातला बराचसा भाग मला सुटे भाग मिळण्या-न मिळण्याचा वाटतो. शिवाय पर्सिगला दुकानातले मेकॅनिक आवडत नाहीत. रेडिओ लावून, लक्ष न देता त्याची गाडी बिघडवणारे मेकॅनिक पुस्तकाच्या सुरुवातीलाच येतात, आणि दोष निघतो २५ सेंटच्या एका पिनेत. राग रास्त आहे. पण त्यानंतर पुस्तकभर दुरुस्ती म्हणजे एकटा माणूस आणि त्याची गाडी, असंच चित्र राहतं.

मॅथ्यू क्रॉफर्ड इथे अधिक जवळ येतो. त्याचं 'शॉप क्लास अ‍ॅज सोलक्राफ्ट' २००९ चं, म्हणजे बरोबर चॉपर कंपन्या कोसळत होत्या त्या वेळचं. राज्यशास्त्रातली डॉक्टरेट, वॉशिंग्टनमधल्या विचारगटातली नोकरी सोडली आणि व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात जुन्या मोटरसायकलींचं गॅरेज टाकलं. त्याच्या पुस्तकात गिऱ्हाईक आहे, बिल आहे. एका १९८३ च्या होंडा मॅग्नाचं ऑइल सील बघता बघता तो कुतूहलापोटी नको तितका आत शिरतो, आणि मग या वेळेचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यावेत का, या प्रश्नावर अडतो. हा प्रश्न पर्सिगला पडत नाही, ट्यूटल बापलेकांना तर शक्यच नाही. क्रॉफर्डचं मर्दानी हळहळणं मला कधी कधी जड जातं, हातानं काम करणाऱ्या बायका त्याला फारशा दिसत नाहीत. पण ज्याची गाडी आहे त्याचं आपण काही देणं लागतो, ही जाणीव चॉपरभोवतीच्या इतर लिखाणात जवळजवळ नाहीच.

दोघांच्याही पुस्तकांतून जे निसटतं ते वहीतून दिसतं. डावीकडे मेलेला नंबर, उजवीकडे जिवंत नंबर. त्यातली एक ओळ कॅन्ससमधल्या कुणी लिहिली, दुसरी फ्लोरिडातल्या. ज्यानं पहिल्यांदा डबी काढून वायरिंगचा नकाशा कागदावर उतरवला, त्याचं नाव त्या कागदावर बहुधा नसतं.

आपल्याकडे चॉपर फारशी नाही आणि कायद्यानंही तिला जागा ठेवलेली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं: उत्पादकानं मुळात जे ठरवून दिलं त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे. उत्पादकच उरला नसेल तर त्याचा मूळ शब्द कुणाच्या तोंडून ऐकायचा, हा प्रश्न येझदीवाल्यांना विचारावा. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ मध्ये बंद झाली. त्यानंतर पुण्या-कोल्हापुरात ज्यांनी या टू-स्ट्रोक गाड्या चालू ठेवल्या, त्यांच्या हातांत फिटर होते, लेथवाले होते, भंगारबाजार होता. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये शोरूममध्ये परत आलं. टाकीवरची अक्षरं ओळखीची, पण इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारं. जुन्या गाडीचा पिस्टन शोधणाऱ्याला त्या शोरूमचा उपयोग शून्य. विचिटाप्रमाणेच इथेही नाव परत येऊ शकलं, सुटे भाग नाही आले.

'ईझी रायडर'च्या गाड्यांचं पुढे जे झालं, ते त्या सिनेमापेक्षा रंगतदार आहे. प्रत्येक नायकासाठी दोन, अशा एकूण चार बांधल्या होत्या. चित्रीकरणाचं सगळं काम आटोपण्याआधीच तीन चोरीला गेल्या. त्या कधी मिळाल्या नाहीत. बहुधा सुटे होऊन विकल्या गेल्या असाव्यात असं मानतात, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात कुणाच्या तरी हार्लेत 'कॅप्टन अमेरिका'चा गिअरबॉक्स मुकाट्यानं फिरत असेल आणि मालकाला पत्ताही नसेल. चौथी, शेवटच्या दृश्यात जळालेली, तिच्या अवशेषांतून पुन्हा उभी केली गेली असं सांगतात. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात ती म्हणून आणलेल्या गाडीला १३.५ लाख डॉलरची बोली लागली. लगेच वाद उभा राहिला, कारण खरी 'कॅप्टन अमेरिका' म्हणवणारी आणखी एक गाडी होती आणि दोन्हींना एकाच माणसानं अस्सल असल्याचं लिहून दिलेलं होतं. तज्ज्ञ फ्रेमची मान, वेल्डिंगच्या रेघा तपासत बसले. ती मान मुळात ज्यांच्या देखरेखीखाली कापून जोडली गेली, त्या दोघांपैकी बेन हार्डी १९९४ मध्येच गेला होता. क्लिफ व्हॉस तेव्हा हयात होता. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, तोही गेला.